कॉन्कॉर्ड पुन्हा उडावं का?

सह्यवारा (धागाकर्ती)

अमेरिकेत १९७३ पासून जमिनीवरून स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त, वेगाने प्रवासी विमान न्यायला बंदी होती. जून २०२५ मध्ये ती उठवण्याचा आदेश निघाला. त्याआधी जानेवारीत बूम कंपनीच्या एक्सबी-१ या छोट्या चाचणी विमानाने मोहावीच्या वाळवंटावर ध्वनीचा वेग ओलांडला. तेव्हापासून विमानप्रेमी जिथे जमतात तिथे हा प्रश्न निघतोच, की मग कॉन्कॉर्ड का नाही? आपल्याकडे यावर नीट चर्चा झालेली नाही, म्हणून हा धागा.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलेलं हे स्वनातीत प्रवासी विमान २ मार्च १९६९ ला तुलूझहून पहिल्यांदा उडालं. २१ जानेवारी १९७६ ला प्रवासी सेवा सुरू झाली. ब्रिटिश एअरवेजचं विमान लंडनहून बहरीनला आणि एअर फ्रान्सचं पॅरिसहून डाकारमार्गे रिओला, दोन्ही एकाच दिवशी. २००३ मध्ये सगळं थांबलं. एकूण २० विमानं बनली. त्यातलं एक अपघातात गेलं, एक मोडीत काढलं, उरलेली १८ संग्रहालयांत आणि विमानतळांवर उभी आहेत.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवू या. तिकीट काढून लोकांनी पुन्हा त्यातून प्रवास करावा का, हा एक. त्याचं उत्तर माझ्या मते सरळ 'नाही' असं आहे. तो काळ, ते तेलाचे भाव, ते हिशेब संपले. दुसरा प्रश्न असा, की वारसा म्हणून एकच विमान दुरुस्त करून वर्षातून काही वेळा, प्रवाशांविना, उडवावं का? याला माझं उत्तर मनापासून 'हो' आहे.

माझ्यासमोर व्हल्कनचं उदाहरण आहे. एक्सएच५५८ हे ब्रिटिश हवाई दलाचं जुनं व्हल्कन बॉम्बर १९९३ मध्ये जमिनीवर बसलं. लोकांनी देणग्या काढल्या, १४ वर्षांनी ते पुन्हा उडालं आणि २०१५ पर्यंत हवाई प्रात्यक्षिकांत उडत राहिलं. आपल्या जेआरडी टाटांनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते जुहू हे आपलं १९३२ चं टपाल उड्डाण लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने परत करून दाखवलं. भारतीय हवाई दलाने 'परशुराम' नावाचं जुनं डकोटा विमान २०१८ मध्ये दुरुस्त स्थितीत ताफ्यात घेतलं. जुनं यंत्र चालू ठेवणं म्हणजे ते बनवणाऱ्यांचं ज्ञान चालू ठेवणं. काचेमागे ठेवलेल्या विमानाकडून ते होत नाही.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः या क्षेत्रात काम केलेल्यांनी लिहावं.

रनवे_सत्तावीस

सह्यवाराताई, धागा चांगला काढलात. मी विमान देखभालीतला माणूस, बरीच वर्षं मुंबईत मोठ्या जेट विमानांवर काम केलं. कॉन्कॉर्डला हात लावायचं भाग्य कधी आलं नाही, पण त्यावर वाचलं भरपूर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नालाही माझं उत्तर 'नाही'. मात्र लोक जी कारणं देतात, की 'आता जुनं झालं, गंजलं', ती माझी नाहीत.

पहिली अडचण कागदाची, आणि ती सगळ्यात मोठी आहे. कुठल्याही प्रवासी विमानाच्या मागे त्याच्या रचनेची जबाबदारी घेणारी एक संस्था लागते. तडा सापडला, पंप निकामी झाला, टायर बदलायचा झाला, की 'हे असं करा, एवढं चालेल, एवढं चालणार नाही' हे सही करून सांगणारी. कॉन्कॉर्डसाठी ती जबाबदारी एअरबसकडे आली होती. २००३ मध्ये एअरबसने हात काढून घेतले. १० एप्रिल २००३ ला दोन्ही विमान कंपन्यांनी सेवा बंद करण्याची घोषणा केली, त्यात हे मोठं कारण होतं. रिचर्ड ब्रॅन्सन यांनी विमानं विकत मागितली होती, तीही मिळाली नाहीत. आज कुणी कितीही पैसे घेऊन उभा राहिला तरी ती सही कोण करणार?

व्हल्कनचं तुम्ही दिलेलं उदाहरण बरोबर आहे, पण ते कसं थांबलं तेही बघा. विमान उडण्याच्या अवस्थेत होतं. मार्शल, बीएई आणि रोल्स-रॉइस या तिन्ही कंपन्यांनी 'यापुढे आम्ही तांत्रिक जबाबदारी घेणार नाही' असं कळवलं आणि ऑक्टोबर २०१५ नंतर ते जमिनीवर आलं. ज्यांना ती रचना हाताने माहीत होती ते लोक निवृत्त होत होते, हे त्यामागचं खरं दुखणं. व्हल्कन ध्वनीपेक्षा कमी वेगाने उडणारं, तुलनेने सोपं विमान. कॉन्कॉर्डच्या ऑलिम्पस ५९३ इंजिनाची वंशावळ त्याच व्हल्कनच्या इंजिनापर्यंत जाते. सोप्या भावाला आधार मिळाला नाही, तर अवघड भावाला कसा मिळणार?

आता दुसरी अडचण, यंत्राची. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हे विमान किती गुंतलेलं होतं याचा अंदाज बाहेरून येत नाही.

मॅक २ ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, नाकाचं तापमान १२७ अंश सेल्सियसपर्यंत जायचं. अख्खा सांगाडा तापून १५ ते २५ सेंटिमीटर लांब व्हायचा आणि उतरल्यावर परत आखडायचा. प्रत्येक उड्डाणात. म्हणजे टाक्यांचे सांधे, नळ्या, तारा, सगळं या ताणण्या-आखडण्यासाठी बनवलेलं. या उष्णतेने आतली ओलही निघून जायची, म्हणून उडतं कॉन्कॉर्ड कमी गंजायचं. उभं राहिलं की तो फायदा गेला.

इंधन हे या विमानात नुसतं जाळायला नव्हतं. १३ टाक्या होत्या. वेग वाढला की पंखांवरचा उचल-बिंदू मागे सरकतो, म्हणून टनावारी इंधन पुढच्या टाक्यांतून शेपटीतल्या टाकीत पाठवून वजनाचा मध्य मागे न्यायचा, उतरताना परत पुढे आणायचा. हे काम तिसऱ्या माणसाचं, फ्लाइट इंजिनिअरचं. हायड्रॉलिकचा, म्हणजे द्रवाच्या दाबावर भाग हलवणाऱ्या यंत्रणेचा, दाब ४००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), जेव्हा बाकीच्या प्रवासी विमानांत ३००० असायचा. अशा तीन स्वतंत्र यंत्रणा. त्यातले रबरी सील वीस वर्षं दाबाशिवाय पडून राहिले की कडक होतात, चिरतात. एकेक सील बदलायचा तर तो बनवणारा कारखाना शोधा, साचा शोधा, मग चाचण्या, मग प्रमाणपत्र.

आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेले हलते रॅम्प, म्हणजे वर-खाली होणारे उतरते पत्रे. मॅक २ ने येणारी हवा इंजिनाला तशीच दिली तर ते गुदमरतं. हे रॅम्प हवेची गती मॅक ०.५ च्या आसपास आणून मग ती आत सोडायचे, आणि हे क्षणाक्षणाला आपोआप जुळवलं जायचं. माझ्या मते संपूर्ण विमानातली सर्वात सुंदर अभियांत्रिकी ही. ती चालवणारे संगणक सत्तरच्या दशकातले.

शिवाय विमानं निवृत्त करताना त्यांतली द्रवं काढून टाकली, कितीतरी जोडण्या सोडवल्या. ती 'झाकून ठेवलेली' नाहीत, बंद केलेली आहेत.

तुषार_ठाणे

पण काका, पैसा असेल तर सगळं बनतं ना? चंद्रावर जाणारी यानं नव्याने बनतात. सील काय चीज आहे!

रनवे_सत्तावीस

बनेल की. मी अशक्य म्हटलेलं नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाहत्यांच्या क्लबने १२ कोटी पौंडांची तयारी असल्याचं सांगून २०१९ पर्यंत एक विमान उडवायची घोषणा केली होती. २०१९ येऊन गेलं. पैसा हा त्या साखळीतला सोपा दुवा आहे. सही करणारी संस्था, शिकवणारे वैमानिक आणि या विमानाचा परवाना (रेटिंग) असलेले फ्लाइट इंजिनिअर हे अवघड दुवे. शेवटचं उड्डाण २६ नोव्हेंबर २००३ ला ब्रिस्टलजवळ फिल्टनला उतरलं. तेव्हा पंचेचाळिशीत असलेला वैमानिक आज कुठल्या वयाचा आहे, हिशेब कर.

हाउन्स्लोची_माई

मी इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. पण या विषयावर गप्प बसवेना. आम्ही नव्वदच्या दशकात हीथ्रोजवळ हाउन्स्लोला राहायचो. रोज सकाळी आणि संध्याकाळी कॉन्कॉर्ड निघायचं.

तो आवाज लिहून सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करते. आधी पायाखालची फरशी कळायची, मग कपाटातल्या काचेच्या पेल्यांची किणकिण, आणि मग तो फाटल्यासारखा आवाज छातीवर यायचा. रस्त्यावर उभ्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागायचे. फोनवर असलो तर दोन्हीकडचे थांबायचो, ते गेलं की पुढे बोलायचो. माझा मुलगा खिडकीकडे धावायचा. शेजारच्या आजी मात्र कानावर हात ठेवून बसायच्या. समोरच्या घरातला माणूस रात्रपाळीचा नर्स होता, सकाळच्या उड्डाणाने त्याची झोप दररोज मोडायची. तो म्हणायचा, आत बसलेले शंभर जण, आणि खाली आम्ही हजारो.

मुलाला आजही ते विमान आवडतं, मलाही ते दिसायला फार देखणं वाटायचं. पांढरंशुभ्र, बगळ्यासारखं. पण ते परत रोज डोक्यावरून जावं असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा समुद्रावर कुठे उडवणार असाल तर गोष्ट वेगळी.

सह्यवारा (धागाकर्ती)

माई, लिहिलंत ते फार बरं झालं. मी नेमकं तेच म्हणतेय, वर्षातून काही वेळा, समुद्रालगत, आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून इंजिनाला जोर देणारी सोय) फक्त टेकऑफला.

खारेवारे

या चर्चेत भारताचा भाग राहिला, तो जोडतो.

साठच्या दशकात जगभरच्या विमान कंपन्यांनी कॉन्कॉर्डसाठी नावं नोंदवली होती. पॅन ॲम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा, जपान एअरलाइन्स, क्वांटास आणि आपली एअर इंडियासुद्धा, दोन विमानांसाठी. १९७३ च्या सुरुवातीला पॅन ॲम आणि टीडब्ल्यूएने माघार घेतली, मग तेलसंकट आलं, आणि एकेक करून सगळे गळाले. एअर इंडियानेही बेत सोडला. शेवटी ज्या दोन देशांनी ते बनवलं त्यांच्याच दोन कंपन्यांनी ते चालवलं, प्रत्येकी सात. १९७२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये बनलेलं चाचणी विमान क्रमांक ००२ विक्रीसाठी पूर्वेच्या दौऱ्यावर निघालं होतं, तेव्हा ते मुंबईलाही उतरलं होतं. ज्येष्ठ मंडळींपैकी कुणी पाहिलं असेल तर जरूर लिहा.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. डिसेंबर १९७७ मध्ये ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्सने मिळून लंडन-बहरीन-सिंगापूर अशी सेवा सुरू केली. एका विमानाच्या डाव्या बाजूला सिंगापूरचे रंग होते, उजव्या बाजूला ब्रिटिश. मोजक्या फेऱ्यांनंतर मलेशियाने मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या सॉनिक बूमला, म्हणजे स्वनातीत विमानामुळे ऐकू येणाऱ्या धमाक्याला, हरकत घेतली आणि सेवा थांबली. जानेवारी १९७९ मध्ये परत सुरू झाली. पण भारताने आपल्या हवाई हद्दीत स्वनातीत वेगाला परवानगी दिली नाही. त्यामुळे हिशेब जुळेना आणि नोव्हेंबर १९८० मध्ये हा मार्ग कायमचा बंद झाला.

या नकाराबद्दल काही जण 'आपण मागासलेले, म्हणून अडवलं' असं लिहितात. मला तो नकार अगदी योग्य वाटतो. बूम हा एका जागी होणारा धमाका नसतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं विमान जिथून जिथून जातं, तिथे तो जमिनीवर सोबत ओढला जातो. ढोबळ नियम असा, की विमान जितके हजार फूट उंच, तितके मैल रुंद पट्टा. म्हणजे ५०,००० फुटांवरून गेलं तर सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला तो ऐकू येणार. आता हा पट्टा दख्खनवरून ओढून बघा. खालच्या कुणालाही त्या प्रवासातून काही मिळत नव्हतं.

अमेरिकेने १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने मुद्दाम बूम करून लोक काय म्हणतात ते पाहिलं होतं. बाराशेहून जास्त बूम. खिडक्यांच्या काचा फुटल्या, तक्रारींचा ढीग पडला. १९७३ ची बंदी त्या अनुभवाच्या पायावर उभी होती. आता ती उठवताना 'बूम जमिनीपर्यंत पोचणार नाही अशी विमानं' हे गृहीत धरलंय. कॉन्कॉर्ड त्यात बसत नाही, कधीच बसणार नाही.

मीनल_ब

सगळे अभियांत्रिकीवर बोलताहेत, म्हणून मला एक तारीख लिहायची आहे. २५ जुलै २०००. पॅरिसजवळचं गोनेस. विमानात १०९ माणसं होती, बहुतेक जर्मन पर्यटक, न्यूयॉर्कला जाऊन जहाजाने फिरायला निघालेली. जमिनीवर, ज्या हॉटेलवर विमान कोसळलं तिथे, चार. एकूण ११३.

आधी उडालेल्या एका डीसी-१० मधून धातूची एक पट्टी धावपट्टीवर पडली होती, सुमारे ४३ सेंटिमीटर लांब. कॉन्कॉर्डचा टायर तिच्यावरून गेला आणि फाटला. साडेचार किलोचा रबराचा तुकडा पंखाखाली आपटला. त्याने टाकी थेट भोसकली नाही. आपटल्यामुळे भरलेल्या इंधनात दाबाची लाट उठली आणि टाकी आतून फुटली. इंधन बाहेर आलं, पेटलं. विमान इतक्या वेगात होतं की थांबवणं शक्य नव्हतं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

टायर फुटणं ही त्या विमानाची जुनी व्यथा होती. १९७९ मध्ये वॉशिंग्टनला टायर फुटून पंखाला आणि टाकीला इजा झाली होती. सेवेच्या काळात असे पन्नासहून जास्त प्रसंग नोंदले गेले. कारण उघड आहे. त्रिकोणी पंखाला टेकऑफसाठी ताशी सुमारे ४०० किलोमीटरचा वेग लागायचा, आणि तेवढा वेळ सगळं वजन त्या टायरांवर.

अपघातानंतर टाक्यांना केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याचं अस्तर लावलं, मिशेलिनने नवे टायर बनवले, नोव्हेंबर २००१ मध्ये सेवा परत सुरू झाली. काम चोख झालं हे मान्य. पण सह्यवारा, तुम्ही हवाई प्रात्यक्षिक म्हणता, म्हणजे खाली गर्दी असणार. वीस वर्षं उभं राहिलेलं विमान, ज्याच्या रचनेची जबाबदारी कुणावर नाही, ते मी माझ्या मुलांच्या डोक्यावरून जाऊ देणार नाही. वारसा जपायचा तर त्या ११३ जणांची आठवण हाही त्याचाच भाग आहे.

गणेश_२००५

मी २००५ चा. माझ्या पिढीला हे विमान फक्त व्हिडिओत माहीत. खरंच विचारतोय, एवढं काय होतं त्यात? आज कुणालाही तीन तासांत न्यूयॉर्कला पोचायची गरज नाही, मीटिंग फोनवर होते. आणि इंधन? मी वाचलं की ताशी २५ हजार लिटरच्या आसपास जाळायचं, प्रवासी फक्त शंभर.

सह्यवारा (धागाकर्ती)

गणेश, इंधनाचं तू म्हणतोस ते बरोबर आहे, म्हणूनच मी प्रवासी सेवेच्या बाजूने नाही. पण 'काय होतं त्यात' याचं उत्तर देते.

लंडनहून सकाळी साडेदहाला निघालेलं विमान न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात नऊ पंचवीसला पोचायचं. निघाल्याच्या आधी! हिवाळ्यात संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लंडन सोडलं, की वर गेल्यावर तोच सूर्य पश्चिमेकडून परत वर येताना दिसायचा. १८ किलोमीटर उंचीवर आकाश गडद निळं, जवळजवळ काळपट, आणि क्षितिज किंचित वाकलेलं. तिकीट काढून सामान्य नागरिकाला ही उंची आणि हा वेग मिळण्याचं ते एकमेव साधन होतं. टीयू-१४४ या रशियन विमानाने कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी, ३१ डिसेंबर १९६८ ला, उड्डाण केलं खरं, पण त्याची प्रवासी सेवा वर्षभरही टिकली नाही.

आणि ३० जून १९७३ चं सूर्यग्रहण. जमिनीवरून ते खग्रास जास्तीत जास्त सात मिनिटं दिसलं. फ्रेंच चाचणी विमान क्रमांक ००१ मध्ये शास्त्रज्ञ बसले, छपरात खास खिडक्या पाडल्या, आणि ते विमान सहारावरून चंद्राच्या सावलीबरोबर धावलं. ७४ मिनिटं ते खग्रासात होते. चंद्राच्या सावलीशी बरोबरी करणारं विमान, आणि ते बनलं रेखाटन-फळ्यांवर पेन्सिलीने काढलेल्या नकाशांतून. हे मला कितीही वेळा वाचलं तरी पुरेसं वाटत नाही.

नीलिमा_बोस्टन

मी सिॲटलच्या संग्रहालयात जी-बीओएजी या कॉन्कॉर्डमध्ये आत जाऊन आले आहे. कॉकपिट अगदी अरुंद. फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलवर इतक्या चकत्या आणि बटणं की भिंत दिसत नाही. रनवे_सत्तावीस यांनी विमान लांब व्हायचं असं लिहिलंय, ते तिथे कळतं. स्वनातीत उड्डाणात त्या पॅनेल आणि मागच्या भिंतीमध्ये फट पडायची. निवृत्तीच्या उड्डाणांत काही फ्लाइट इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत ठेवली, विमान थंड झाल्यावर फट मिटली आणि टोपी आत अडकून बसली. सिॲटलच्या विमानातली टोपी कुणीतरी कापून चोरायचा प्रयत्न केला होता, तो तुकडा नंतर परत आला. आता ती टोपी बाहेर काढायची तर विमान परत मॅक २ ला न्यावं लागेल.

मला हे विमान आहे तिथेच आवडलं. जवळ जाता येतं, शाळेची मुलं आत फिरतात. उडवायचं म्हटलं तर ती जागा रिकामी होणार, आणि दुर्दैवाने काही झालं तर १८ ची १७ होणार. अस्सल वस्तू धोक्यात घालायची हिंमत मला होत नाही.

नव्याने बनणाऱ्या विमानांचं स्वागत आहे. बूम कंपनीचं ओव्हर्चर हे विमान मॅक १.७ चं, ६० ते ८० प्रवाशांचं, आफ्टरबर्नरविना. रोल्स-रॉइस त्यातून २०२२ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे ते इंजिनही स्वतःच बनवताहेत. जमेल का ते दिसेलच. पण पुढे जायची वाट ती आहे.

सह्यवारा (धागाकर्ती)

मीनल, नीलिमा, दोघींचे मुद्दे जड आहेत आणि मी ते बाजूला सारत नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालं नाही. ही १८ विमानं अशीच उभी राहिली, की तीस वर्षांनी त्यांच्याबद्दल हाताने काही माहीत असलेला एकही माणूस उरणार नाही. कागद उरतील, धातू उरेल. इंजिन सुरू करताना कुठला दाब किती सेकंदांत चढला पाहिजे, कुठला आवाज आला की बंद करायचं, हे कागदात नसतं. न उडवता ते कसं जपायचं?

रनवे_सत्तावीस

ताई, आता आपण एका जागी येतोय. उडवणं आणि पुतळा करणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

वॉरिकशायरमध्ये वेल्सबर्न इथे एक्सएम६५५ नावाचं दुसरं व्हल्कन आहे. ते उडत नाही. स्वयंसेवकांनी त्याची चारही ऑलिम्पस इंजिनं चालू अवस्थेत ठेवली आहेत, आणि ते धावपट्टीवर वेगाने पळवूनही दाखवलं आहे. लोक बघायला येतात, आवाज ऐकतात, तरुण पोरं जुन्या तंत्रज्ञांकडून काम शिकतात. उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राचा प्रश्न नाही, कारण चाक जमिनीवरून उचललंच जात नाही.

कॉन्कॉर्डसाठी माझी मागणी एवढीच: एका विमानाची एक यंत्रणा, मग दुसरी, अशा क्रमाने जिवंत करा. हायड्रॉलिक सुरू करून विमानाचं हलतं नाक खाली-वर करणं ही पहिली पायरी, आणि ती काही ठिकाणी झालेली आहे. वीज देऊन कॉकपिट उजळणं दुसरी. एक इंजिन जमिनीवर चालवणं ही शेवटची. त्यापुढे जायचा हट्ट नको.

तुषार_ठाणे

मग कुठलं विमान? फिल्टनचं जी-बीओएएफ सगळ्यात शेवटी उडालेलं, ते सोपं जाईल ना?

रनवे_सत्तावीस

ते छान बंदिस्त हँगरमध्ये आहे, पण फिल्टनची धावपट्टीच २०१२ च्या शेवटी बंद झाली. न्यूयॉर्कचं उघड्यावर, नदीकाठी उभं असतं. २०२३ मध्ये ते तराफ्यावरून ब्रुकलिनला नेऊन रंगरंगोटी करून आणलं. दिसतं झकास, पण खाऱ्या हवेत यंत्रणा जिवंत करणं अवघड.

माझी निवड ल बूर्जेचं एफ-बीटीएसडी. पॅरिसजवळच्या संग्रहालयात, छपराखाली आहे. स्वयंसेवकांनी त्याच्या काही यंत्रणा जपल्या आहेत, आणि २०१० मध्ये त्याच्या इंजिनांची आतून तपासणीही झाली होती. बाहेर विमानतळ अजून चालू आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये याच विमानाने सुमारे साडेएकतीस तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढच्या वर्षी पेप्सीच्या जाहिरातीसाठी त्याला निळा रंग दिला. गडद रंग जास्त तापतो म्हणून पंख पांढरेच ठेवले आणि मॅक २ ला सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त राहू नका अशी ताकीद होती. रंगाच्या पातळ थराचाही हिशेब ठेवावा लागणारं विमान होतं ते.

मीनल_ब

जमिनीवर, माणसं लांब ठेवून, अग्निशमन दल शेजारी उभं करून इंजिन चालवणार असाल तर माझी हरकत नाही. गोनेस तिथून अगदी जवळ आहे. तिथल्या लोकांना आधी विचारावं, तारीख २५ जुलैच्या आसपासची नसावी.

हाउन्स्लोची_माई

मीनलला अनुमोदन. आणि एकच इंजिन, चार नकोत!

सह्यवारा (धागाकर्ती)

उडतं बघायची माझी इच्छा गेलेली नाही, ती राहील. पण रनवे_सत्तावीस म्हणतात तो क्रम मला पटतो, आणि तो आजच्या आज सुरू करता येण्यासारखा आहे. त्या संग्रहालयाला एक पत्र लिहायचा विचार आहे: विमानावर काम करणारे स्वयंसेवक शिकाऊ मुलांना घेतात का, बाहेरच्या देशातले चालतात का, देणगी थेट त्या कामासाठी देता येते का. विमान देखभालीचा अभ्यासक्रम करणारी आपल्याकडची पोरं महिना-दोन महिने तिथे राबली तर त्यांनाही आयुष्यभर पुरेल.

फ्रेंच येणारं कुणी आहे का इथे? मसुदा मराठीत मी आज रात्री टाकते. रनवे_सत्तावीस, तांत्रिक परिच्छेद तुम्ही तपासून द्या.

रनवे_सत्तावीस

देतो. त्यात एक प्रश्न माझाही घाला: २०१० च्या तपासणीनंतर इंजिनं हाताने फिरवून बघितली आहेत का, आणि किती वेळा. पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरेल.

नीलिमा_बोस्टन

फ्रेंच माझं बऱ्यापैकी आहे. मसुदा टाका, शनिवारपर्यंत करून देते.